रिलेचा पाचवा माणूस

२७ ऑगस्ट २०२३ ची रात्र बहुतेकांच्या लक्षात आहे ती नीरज चोप्रामुळे. बुडापेस्टला त्याने ८८.१७ मीटर भाला फेकला आणि वर्ल्ड ॲथलेटिक्स चॅम्पियनशिपमधलं भारताचं पहिलं गोल्ड आलं. त्या रात्री मीही जागा होतो, पण भाल्याइतकाच जीव अडकला होता तो पुरुषांच्या ४ बाय ४०० रिलेच्या फायनलमध्ये, म्हणजे चौघांनी एकामागोमाग एक चारशे मीटर पळायची शर्यत. आपल्याकडे तेव्हा एक वाजून गेला होता. आठ लेन, आठ टीम आणि त्यातली एक आपली, आणि आशियातून आलेली एकटीच. लहानपणापासून ॲथलेटिक्स बघतोय, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रिले फायनलच्या आधी कॅमेरा आपल्या चार पोरांवरून फिरतोय हे दृश्य बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

आदल्या दिवशीची हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, ज्यांनी पाहिली नाही त्यांनी ती शोधून बघाच. मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश, वेळ २:५९.०५. भारताने तीन मिनिटांची भिंत पहिल्यांदा फोडली, जपानने आदल्या वर्षी ओरेगॉनला केलेलं २:५९.५१ चं आशियाई रेकॉर्ड मोडलं, आणि पुढे फक्त अमेरिका, २:५८.४७. राजेश शेवटच्या लॅपला अमेरिकन धावपटूच्या इतका जवळ होता की कॉमेंटेटरचा आवाज चढला, आणि तो आपल्या घरचा कॉमेंटेटर नव्हता, परका होता.

फायनलला आपण २:५९.९२ मध्ये पाचवे आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात नीरज पहिल्या पानावर, ते बरोबरच आहे, आणि रिले आतल्या पानावर चार ओळींत. माझं म्हणणं त्या चार ओळींबद्दल नाहीये. माझं म्हणणं त्या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे, कारण मला वाटतं की भारतातल्या ॲथलेटिक्सचा सगळ्यात मोठा प्रश्न त्या ०.८७ सेकंदात आहे आणि आपण त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही.

त्या फायनलचा निकाल असा होता. अमेरिका २:५७.३१, फ्रान्स २:५८.४५, ब्रिटन २:५८.७१, जमैका २:५९.३४ आणि मग आपण. आता आदल्या दिवशीचा आपला टाइम इथे ठेवून बघा, २:५९.०५. जमैकाच्या पुढे, आणि ब्रॉन्झपासून ०.३४ सेकंद लांब. चौघांत वाटले तर माणशी एका सेकंदाचा दहावा भागही नाही. मला माहितीये की रेस अशी कागदावर पळत नाहीत, फायनलला धक्काबुक्की वेगळी, आतली लेन कोणाला मिळते ते वेगळं, पुढचा दमवतो का मागचा धरून ठेवतो ते वेगळं. तरी एवढं नक्की की आपण मेडलच्या आसपास होतो, आणि दुसऱ्या दिवशी तितके ताजे नव्हतो.

आणि ताजे कसे असणार? तेच चार. हीटला जे चार, फायनलला तेच चार. अमेरिकेने काय केलं बघा, हीटला एक संच पळवला, फायनलला क्विन्सी हॉल आणि राय बेंजामिनसारखी माणसं आणली, जी हीटला नव्हतीच. हॉलने त्याच स्पर्धेत ४०० ला ब्रॉन्झ घेतलं होतं आणि बेंजामिनने ४०० हर्डल्सला. म्हणजे आदल्या दिवशी आपण ज्यांना घाम फोडला ती अमेरिकेची पूर्ण ताकदीची टीम नव्हतीच. हे मी आपल्या पोरांचं यश कमी करायला सांगत नाहीये, उलट सांगतोय. आपल्या चौघांनी आपल्याकडे होतं नव्हतं ते सगळं शनिवारी ओतलं, आणि रविवारसाठी त्यांच्या जागी उभं राहील असं कोणी आपण तयार केलेलं नव्हतं.

एक हिशोब मी तेव्हापासून खूप जणांना सांगितलाय, इथेही सांगतो. त्या वेळी भारताचं ४०० मीटरचं राष्ट्रीय रेकॉर्ड होतं अनसचं, ४५.२१. चार वेळा ४५.२१ म्हणजे ३:००.८४. रिलेत पहिला सोडून बाकी तिघांना पळता पळता बॅटन, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची ती नळी, मिळतं, थांबलेल्या जागेवरून ब्लॉकमधून सुटावं लागत नाही, त्यामुळे प्रत्येकाचे साधारण अर्धा-पाऊण सेकंद वाचतात. तिघांचे मिळून पावणेदोन सेकंद धरा, ढोबळच हिशोब आहे, तरी उत्तर येतं २:५९.०९. म्हणजे त्या दिवशी बुडापेस्टला चार भारतीय एकाच रेसमध्ये, एकामागोमाग एक, राष्ट्रीय रेकॉर्डच्या तोडीचे पळाले. सगळे. एकही ढिला पडला नाही. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एखादा येतो, आणि आपण त्यांच्याकडून चोवीस तासांनी तसाच दुसरा मागत होतो.

४०० मीटर ज्याने कधी मनापासून पळलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. पहिले दोनशे छान वाटतात, तिसऱ्या शंभरात छाती भाता होते, आणि शेवटच्या शंभरात पाय आपले राहतच नाहीत, गुडघे वर येत नाहीत, खांदे कानापर्यंत जातात. संपल्यावर माणूस आडवा होतो तो नाटक म्हणून नाही. त्यातून शरीर एका दिवसात सावरतं पण पूर्ण नाही, आणि शेवटचा तो अर्धा टक्का जो राहतो त्यातच पाचवा आणि तिसरा ठरतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रिले चार जणांची असते हा गैरसमज आपण सोडायला हवा. मोठ्या स्पर्धेत ती किमान सहा-सात जणांची असते, आणि ते सहा-सात तयार व्हायला मागे वीस-पंचवीस जण लागतात. आपण चौघं शोधतो, चौघं मिळाले की त्यांना कॅम्पमध्ये ठेवतो, त्यांच्या पायावर सगळा भार टाकतो, आणि त्यांच्यातला एक जखमी झाला किंवा वय झालं की परत शून्यापासून. सरकारी पैसा, फेडरेशनचं लक्ष, राज्यांच्या योजना, सगळं मेडलकडे तोंड करून उभं आहे. ते थोडं वळून पाचव्या माणसाकडे बघायला पाहिजे.

हे काही नवीन दुखणं नाही. मिल्खा सिंग १९६० ला रोमला चौथे आले, इलेक्ट्रॉनिक टाइम ४५.७३. ते भारतीय रेकॉर्ड मोडलं परमजीत सिंगने, १९९८ मध्ये. अडतीस वर्षं. आपण ही गोष्ट मिल्खांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि ते मोठे होतेच, पण तीच गोष्ट उलटी धरली तर ती अडतीस वर्षं त्यांच्या मागे कोणी नसल्याची आहे. १९६२ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये मिल्खा, माखन सिंग, दलजित सिंग आणि जगदीश सिंग यांनी ४ बाय ४०० चं गोल्ड घेतलं. पुढचं आलं २०२३ च्या हांगझो एशियन गेम्सला, बुडापेस्टच्याच चौघांनी आणलं, ३:०१.५८. मध्ये एकसष्ट वर्षं.

आता अलीकडचं बघू. २०२१ ची टोक्यो ऑलिम्पिक, अनस, नोआ निर्मल टॉम, आरोकिया राजीव, अमोज. ३:००.२५, तेव्हाचं आशियाई रेकॉर्ड, आणि एकूणात नववे. फायनलला आठ जातात. २०२४ ला पॅरिस, ३:००.५८, हीटमधूनच परत बाहेर. बुडापेस्टच्या एका वर्षाने आपण दीड सेकंद मागे गेलो होतो. आणि पॅरिसचं तिकीट तरी कसं मिळालं? बहामाजमधल्या नॅसोला वर्ल्ड रिले होती, पहिल्याच फेरीत राजेशला दुसऱ्या लेगला, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या चारशेला, क्रॅम्प आला, रेस तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी दुसरी संधी होती आणि त्याच्या जागी उभा राहिला आरोकिया राजीव. तेहतिशीला टेकलेला माणूस. २०१६ च्या रिओच्या टीममध्ये होता, टोक्योत होता, आणि २०२४ ला पण गरज पडल्यावर तोच. अनस, अमोज, अजमल यांच्याबरोबर तो पळाला, ३:०३.२३ आले आणि तिकीट मिळालं. राजीवला माझा मनापासून नमस्कार. पण आठ वर्षांत राखीव म्हणून नाव घ्यायला आपल्याला विशीतला एक पोरगा सापडू नये, यावर देशाने विचार करायला हवा होता, आपण तिकीट मिळालं म्हणून पेढे वाटले आणि पुढे गेलो.

जपानचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. बुडापेस्टला त्यांची वैयक्तिक ४०० मीटरची पोरं जबरदस्त होती, सातो केंतारोने ४४.७७ मारून १९९१ पासूनचं जपानी रेकॉर्ड मोडलं. तरी रिलेत ते फायनलला आले नाहीत, आपण आलो, आणि आपण त्यांचं रेकॉर्ड पण घेतलं. मग पुढच्या वर्षी पॅरिसला काय झालं? जपान फायनलला, सहावे, २:५८.३३. आशियाई रेकॉर्ड परत त्यांच्याकडे, आणि तेही सात दशांशाने पुढे नेऊन. आपण त्या फायनलमध्ये नव्हतो. त्यांचं एक वर्ष वाईट गेलं तरी खाली माणसं होती, आपलं एक वर्ष सोन्यासारखं गेलं आणि खाली कोणी नव्हतं. २०२५ संपेपर्यंत एकही भारतीय पुरुष ४०० मीटर ४५ सेकंदांच्या आत पळालेला नव्हता. बुडापेस्ट आणि पॅरिस दोन्हीला वैयक्तिक ४०० ची थेट पात्रता ४५.०० होती, म्हणजे आपली अख्खी रिले टीम वैयक्तिक शर्यतीच्या दाराबाहेर उभी राहून फायनल खेळली. अशी रिले फार काळ टिकत नाही.

लोक म्हणतात की अमेरिका, जमैकाशी आपली काय बरोबरी, त्यांची शरीरयष्टी वेगळी वगैरे. ठीक आहे, मग बेल्जियम घ्या. लोकसंख्या मुंबईहून कमी. त्यांनी साधारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठरवलं की आपण ४ बाय ४०० चा देश व्हायचं. बोरले नावाचं एक कुटुंब, केविन, जोनाथन, डिलन हे भाऊ धावणारे आणि वडील जॅक कोच, तिथून सुरुवात झाली, पण गोष्ट घरात थांबली नाही, त्यांच्याभोवती टीम उभी राहिली, देश त्यांना टॉर्नाडोज म्हणायला लागला. रिओ ऑलिम्पिक चौथे, टोक्यो चौथे, पॅरिस चौथे. तीन ऑलिम्पिक लागोपाठ चौथा नंबर! आपल्याकडे दुसऱ्या चौथ्या नंबरनंतरच कोणीतरी म्हटलं असतं की बंद करा हा खर्च. त्यांनी बंद केला नाही. २०१९ ला दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्रॉन्झ आलं, २०२२ ला बेलग्रेडला वर्ल्ड इनडोअरचं गोल्ड, २०२४ ला ग्लासगोला परत गोल्ड, अमेरिकेला ०.०६ ने मागे टाकून. आणि त्याच ग्लासगोला त्या रिलेच्या टीममधल्या अलेक्झांडर डूमने वैयक्तिक ४०० चं गोल्ड घेतलं, ४०० हर्डल्सचा बादशहा कार्स्टन वॉरहोमला हरवून. रिलेवर घातलेला पैसा वैयक्तिक खेळाडूच्या तोंडचा घास काढतो असं जे म्हणतात त्यांनी डूमकडे बघावं.

आणि बोत्सवाना. या देशाबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप चढतो. लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास. एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेला ३१ लाख लोक होते. त्या देशाने टोक्यो ऑलिम्पिकला ४ बाय ४०० चं ब्रॉन्झ घेतलं, पॅरिसला २:५४.५३ मध्ये सिल्व्हर, अमेरिकेपासून फक्त एक दशांश मागे, आणि सप्टेंबर २०२५ ला टोक्योच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला भर पावसात गोल्ड, २:५७.७६, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका दोघंही २:५७.८३. शेवटचा लॅप पळाला बुसांग कोलेन केबिनात्शिपी, ज्याने त्याच स्पर्धेत वैयक्तिक ४०० पण ४३.५३ मध्ये जिंकली होती. देशात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. ब्रॉन्झ ते गोल्ड चार वर्षं लागली आणि ब्रॉन्झवाली टीम आणि गोल्डवाली टीम सारखी नव्हती, आयझॅक मकवाला गेला तर तेबोगो आला, एंडोरी टिकून राहिला, केबिनात्शिपी खालून वर आला. माणसं बदलत गेली आणि टीम पुढे जात राहिली. त्याच टोक्योत भारताची ४ बाय ४०० ची पुरुष टीम नव्हती.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग द्या ना फेडरेशनला पैसे. मला वाटतं ते पुरेसं नाही, कारण खड्डा खूप खाली आहे. मी कॉलेजला असताना ४ बाय ४०० पळायचो, तिसरा लेग. आमची टीम कशी बनायची ते सांगतो. इंटरकॉलेजिएटच्या शेवटच्या दिवशीची शेवटची रेस रिले असते, त्याच्या आदल्या संध्याकाळी सर विचारायचे, उद्या कोणाच्या पायात दम आहे? एक आठशेवाला, एक लांब उडीवाला, एक मी आणि एक जो कोणी असेल तो. बॅटन हातात पहिल्यांदा यायचं वॉर्मअपला. एका वर्षी आमच्या दुसऱ्या लेगच्या मुलाचा हॅमस्ट्रिंग गेला, रेसला दहा मिनिटं होती, आणि आमचे कपडे आणि बॅगा सांभाळत बसलेला एक ज्युनिअर होता त्याला उभं केलं. त्याच्याकडे स्पाइक्स नव्हते, साधे कॅनव्हासचे बूट. तो आमच्या सगळ्यांत जिवावर उदार होऊन पळाला, माझ्या हातात बॅटन देताना त्याचे डोळे पांढरे झाले होते, आणि संपल्यावर कुंपणाशी जाऊन ओकला. आम्ही शेवटून दुसरे आलो. पुढच्या वर्षी तो ग्राउंडवर दिसला नाही. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. चार जण परत फिट होते ना.

वीस वर्षं होत आली, तो मुलगा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण ते आमच्या कॉलेजचं नाही, ते वरपर्यंत असंच आहे, फक्त वर बूट चांगले असतात.

महाराष्ट्राचं तर वेगळंच. आपल्याकडे पळणारे कमी आहेत का? बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याची ललिता बाबर, नाशिकची कविता राऊत, लांब पल्ल्याला आपली नावं आहेत. पहाटे पाच वाजता कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा, भरतीची पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर असते. १६०० मीटर म्हणजेच चार गुणिले चारशे. दरवर्षी लाखो पोरं एकेकटी ती सोळाशे पळतात, घड्याळ लावून, वडिलांच्या कर्जाचं ओझं डोक्यात घेऊन, आणि भरती झाली किंवा हुकली की पळणं संपतं. त्या गर्दीत ज्याचा एक लॅप नैसर्गिकरीत्या झपाट्याचा आहे असा एखादा पोरगा असणारच, पण तो बघायला स्टॉपवॉच घेऊन तिथे कोणी उभं नसतं. बुडापेस्टच्या चौघांत केरळ, तमिळनाडू, दिल्ली होती. राजेश रमेश त्रिचीला रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अजमल आधी फुटबॉल खेळायचा. म्हणजे पोरं अशीच आडवाटेने येतात, फक्त वाटेवर कोणीतरी ओळखणारं लागतं. मुलींच्या बाजूला मुंबईची ऐश्वर्या मिश्रा हांगझोच्या सिल्व्हर रिलेत होती, त्यामुळे आपल्या मातीत चारशे होत नाही असं मुळीच नाही.

आता विरोधातलं बोलणं. सगळ्यात जड मुद्दा पैशाचाच आहे. एका भालाफेकपटूवर, एका नेमबाजावर खर्च केला तर एक मेडल येऊ शकतं, रिलेत पंचवीस पोरांना दहा वर्षं पोसा आणि येईल तेही एकच मेडल, तेही आलं तर. मेडलमागे रुपये असा भाग दिला तर रिले हरते, मला मान्य आहे. पण तो भागाकार मुळात करायचा कशासाठी? त्या पंचवीसांतले काही चारशे हर्डल्सला जातील, काही आठशेला, मिक्स्ड रिलेला, उरलेले पंचविशीत गावाकडे परततील ते कोच होऊन, पीटी शिक्षक होऊन, आणि त्यांच्या हाताखाली पुढचे तयार होतील. एका चॅम्पियनच्या मागे त्याचा कोच आणि फिजिओ तयार होतो. रिलेच्या मागे शाळा तयार होते.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे आणि मी त्याला टाळणार नाही. रिलेसाठी पोरं एका कॅम्पमध्ये महिनोन्महिने ठेवायची, एकच कोच, एकच जेवण, एकच डॉक्टर, यातून आपण एकदा पोळलोय. २०१० च्या कॉमनवेल्थ आणि एशियन गेम्समध्ये मुलींच्या रिलेने गोल्ड आणलं, देश नाचला, आणि २०११ ला त्यातल्याच काही जणी डोपिंगमध्ये सापडल्या. तो घाव मला अजून आठवतो. रिलेत एकाचं पाप चौघांना लागतं, जमैकाच्या रिलेतला नेस्टा कार्टर डोपिंगमध्ये सापडला आणि त्याच्याबरोबर पळालेल्या उसेन बोल्टचं बीजिंगचं ४ बाय १०० चं गोल्ड गेलं, बोल्टची ऑलिम्पिक गोल्ड नवाची आठ झाली. त्यामुळे पोरं वाढवायची तर त्याच बजेटात टेस्टिंग वाढवावं लागेल, कॅम्प एकाच ठिकाणी न ठेवता तीन-चार केंद्रं लागतील, पोरांना आपापल्या कोचकडे राहून वर्षातून ठरावीक आठवडे एकत्र यायची मुभा लागेल. बॅटनचा सराव करायला वर्षभर एकत्र राहावं लागतच नाही. ४ बाय १०० मध्ये मागे न बघता बॅटन घ्यायचं असतं, तिथे वर्षानुवर्षं घासावं लागतं, जपानने रिओला एकही दहा सेकंदांच्या आतला माणूस नसताना ३७.६० मध्ये सिल्व्हर आणलं ते त्या घासण्यातून. ४ बाय ४०० मध्ये घेणारा बघून घेतो, तिथे कस पायांचा लागतो. म्हणजे इथे कॅम्पपेक्षा माणसं जास्त महत्त्वाची आणि माणसं घरच्या ग्राउंडवर घडतात.

मग नेमकं काय करायचं? मी धोरण लिहिणारा माणूस नाही, पण काही गोष्टी अशा आहेत ज्यांना फार पैसा पण लागत नाही. बँकॉकला २०२४ पासून आशियाई रिले चॅम्पियनशिप सुरू झाली आहे, तिथे आपली पहिली टीम पाठवूच नका, तेवीस वर्षांखालची पाठवा, हरू दे, बॅटन पडू दे, आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर दुसऱ्या लेगला लेन सुटल्यावर कोपर कसं लागतं ते त्यांना कळू दे. जिल्हा आणि राज्य स्पर्धेत रिलेची टीम सहा जणांची असलीच पाहिजे आणि हीट व फायनलमध्ये किमान दोन नावं वेगळी असलीच पाहिजेत असा नियम करा, एका वर्षात प्रत्येक शाळेला पाचवा आणि सहावा माणूस शोधावा लागेल. बक्षिसाची रक्कम देताना हीट पळालेल्याला फायनलवाल्याइतकीच द्या. ऑलिम्पिकमध्ये हेच होतं, हीट पळालेल्यालाही मेडल मिळतं. पॅरिसला अमेरिकेने हीटला क्विन्सी विल्सन नावाचा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा पळवला, पहिला लेग, ४७.२७, त्याच्या मानाने वाईट पळाला, टीम कशीबशी फायनलला गेली, फायनल दुसऱ्यांनी २:५४.४३ मध्ये जिंकली, आणि तो पोरगा ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट झाला. त्याच्यावर एवढ्या मोठ्या स्टेजवर कोणीतरी विश्वास टाकला. आपल्याकडे सोळा वर्षांच्या पोराचं नाव राखीव यादीत टाकलं असतं तरी आरडाओरडा झाला असता.

आणि एक मोजमाप बदला. दर मोठ्या स्पर्धेनंतर क्रीडामंत्री, फेडरेशन, टीव्हीवाले सगळे मेडलची संख्या सांगतात. २०३६ चं ऑलिम्पिक इथे भरवायचं बोललं जातंय, तेव्हा तर हे अजून वाढेल. २०३६ ला जे बावीस वर्षांचे असतील ते आज कुठल्यातरी शाळेत माध्यमिकच्या खालच्या वर्गात आहेत, त्यांना आजचा मेडलचा तक्ता काही देत नाही. ऑगस्ट २०२५ ला चेन्नईला टी. के. विशाल ४५.१२ पळाला, अनसचं रेकॉर्ड गेलं, छान बातमी होती आणि मी खूश झालो, पण त्या दिवशी मी निकालाच्या यादीत विशालच्या नावाखाली बोट ठेवून खाली खाली सरकत गेलो, दुसरा किती, चौथा किती, सहावा किती, आठवा कोणत्या वर्षी जन्मलाय. फेडरेशनने दर सीझन संपल्यावर तेवढंच छापावं. ४६ च्या आत किती जण, ४७ च्या आत किती जण, त्यातले बावीसच्या खालचे किती, कोणत्या राज्यातले, आणि महाराष्ट्रापुढे काय आकडा आहे. मेडलचा तक्ता मी त्यानंतर वाचेन.